दोन देशांच्या समुद्रातले पवनप्रकल्प: गाडं केबलपाशी अडतं

प्रश्न असा आहे: शेजारी देशांच्या सागरी हद्दी जिथे एकमेकींना भिडतात, अशा उथळ समुद्रात पवनप्रकल्प मिळून उभारायचा तर सुरुवात कुठून करायची, काय काय लागतं आणि घोडं कुठे पेंड खातं?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, प्रकल्प भागीदारीत काढू नका, केबल भागीदारीत घ्या. टर्बाइन प्रत्येक देशाने आपापल्या हद्दीत, आपल्या कायद्याखाली, आपली निविदा काढून उभारावीत. सामायिक असावी ती फक्त या प्रकल्पांना जोडणारी तार. संयुक्त मालकी, संयुक्त परवाना, संयुक्त अनुदान हे कागदावर छान दिसतं, पण दोन संसदा, दोन करव्यवस्था आणि दोन निवडणुकांची वेळापत्रकं एका खांबाला बांधली की खांब उभाच राहत नाही. एकट्या केबलचे प्रश्नही काही कमी नसतात. त्यासाठी प्रत्यक्ष चालू असलेलं उदाहरण घेऊ.

बाल्टिक समुद्रात क्रिगर्स फ्लाक नावाचा उथळा आहे. डेन्मार्क, जर्मनी आणि स्वीडन या तिघांची अनन्य आर्थिक क्षेत्रं (समुद्रातल्या साधनसंपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क असलेले पट्टे) तिथे एकत्र येतात. जर्मनीचा बाल्टिक १ हा ४८ मेगावॉटचा प्रकल्प २०११ साली सुरू झाला, बाल्टिक २ हा २८८ मेगावॉटचा २०१५ साली. डेन्मार्कच्या बाजूचा क्रिगर्स फ्लाक प्रकल्प साधारण ६०० मेगावॉटचा, ७२ टर्बाइनचा, २०२१ मध्ये पूर्ण झाला. डॅनिश आणि जर्मन प्रकल्पांना जोडणाऱ्या दोन समुद्री केबल आहेत, प्रत्येकी सुमारे २५ किलोमीटर लांब, १५० किलोव्होल्टच्या. क्षमता ४०० मेगावॉट. डेन्मार्कची एनर्जिनेट आणि जर्मनीची फिफ्टीहर्ट्झ या दोन ग्रिड कंपन्यांनी ही जोडणी केली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तिचं उद्घाटन झालं. युरोपीय महासंघाने १५ कोटी युरोंपर्यंतचं अनुदान मंजूर केलं होतं. जोडणीचा मूळ विचार मात्र तिघांचा होता. स्वीडनची ग्रिड कंपनी २०१० मध्येच बाहेर पडली. म्हणून आराखडा असा करा की एक भिडू उठून गेला तरी उरलेल्या दोघांचा डाव चालू राहील.

हे करायचंच कशाला? समुद्री पवनप्रकल्पाची किनाऱ्याकडे येणारी केबल वर्षाच्या सरासरीने जेमतेम निम्मी भरलेली असते. वारा पडला की कोट्यवधींची तार नुसती पाण्यात पडून राहते. दोन शेजारी प्रकल्पांमध्ये छोटा दुवा टाकला की त्या रिकाम्या वेळात तीच तार दोन देशांमधल्या वीजव्यापाराला वापरता येते. सगळं अर्थकारण एवढ्यावर उभं आहे. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत स्वतंत्र केबल टाकण्यापेक्षा मधले २५ किलोमीटर स्वस्त पडतात.

आता क्रम. पहिली गोष्ट सागरी सीमा. समुद्री कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. टर्बाइन उभारण्याचा हक्क या क्षेत्रात त्या देशाकडे असतो, प्रत्येक बांधकामाभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षा क्षेत्र ठेवता येतं, आणि वापर संपल्यावर ते काढून टाकण्याची जबाबदारीही येते. सीमेची आखणी करारात पक्की झालेली नसेल तर पुढचं एक पाऊलही टाकू नका. वादग्रस्त पाण्यात सर्वेक्षणाचं जहाज पाठवलं तरी तो दावा सांगण्याचा प्रकार समजला जातो, आणि कर्ज देणाऱ्या बँका तर अशा नकाशाकडे बघतही नाहीत. सीमा पक्की असली तरी परवाना देणारं कार्यालय एकच असतं असं नाही. जर्मनीत बाल्टिक १ हा किनाऱ्यापासून १६ किलोमीटरवर, म्हणजे प्रादेशिक समुद्रात, म्हणून तिथे राज्याचा कारभार. बाल्टिक २ हा ३२ किलोमीटरवर, म्हणून तिथे हॅम्बुर्गचं केंद्रीय सागरी कार्यालय. एकाच केबलचे दोन तुकडे दोन कायद्यांखाली जातात. डेन्मार्कमध्ये ऊर्जा संस्थेच्या एका खिडकीतून बहुतेक कामं होतात. जोडीदार निवडताना हा फरक वेळापत्रकात धरायला हवा.

पर्यावरण मूल्यांकन सीमेपाशी थांबत नाही. १९९१ च्या एस्पो करारानुसार शेजारी देशावर परिणाम होणार असेल तर त्याला आधी कळवावं लागतं, त्याच्या नागरिकांच्या हरकतीही ऐकाव्या लागतात. क्रिगर्स फ्लाकवरून क्रौंच पक्षी दक्षिण स्वीडन आणि जर्मनीतलं र्‍यूगेन बेट यांच्यामध्ये स्थलांतर करतात, त्यामुळे पात्यांची धडक हा तिन्ही देशांचा विषय झाला. बाल्टिकमध्ये हार्बर पॉरपॉइज नावाचा लहानसा डॉल्फिनचा नातलगही आहे. खांब ठोकतानाच्या आवाजाला जर्मनीची मर्यादा ठोकण्याच्या जागेपासून ७५० मीटरवर १६० डेसिबल अशी आहे. ती गाठायची तर खांबाभोवती समुद्रतळावर भोकं पाडलेला पाइप टाकून बुडबुड्यांचा पडदा उभा करतात. शेजारच्या देशाची मर्यादा किंवा मोजण्याची पद्धत निराळी असली तर एकच जहाज आणि एकच हातोडा दोन्हीकडे चालेल असं गृहीत धरू नका. दोन्हींपैकी कडक नियम सुरुवातीपासून दोन्हीकडे लावलेला बरा.

समुद्रतळाच्या सर्वेक्षणात काटकसर केली की पुढे दामदुप्पट भरावं लागतं. बाल्टिकचा तळ हिमनद्यांनी आणून टाकलेल्या घट्ट मातीचा आणि मोठमोठ्या धोंड्यांचा आहे. केबल पुरणारा नांगर धोंड्याला अडला की जहाज उभं, आणि उभ्या जहाजाचं भाडं रोजच्या हिशेबाने चालू. म्हणून केबलच्या वाटेवरचे धोंडे आधीच बाजूला करतात. दुसरं म्हणजे युद्धकाळातले सुरुंग. त्यांचा शोध चुंबकमापीने घेतात, पण तो फक्त लोखंड ओळखतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनीच्या काही सागरी सुरुंगांचं कवच ॲल्युमिनियमचं होतं, ते चुंबकमापीच्या खालून निसटतात. त्यासाठी विद्युतचुंबकीय शोधक किंवा सोनार सोबतीला लागतो. केबल साधारण एक ते दीड मीटर खोल पुरतात, ती जहाजांच्या नांगरापासून वाचावी म्हणून. मात्र मोठा नांगर त्यापेक्षा खोल जातो, त्याला हा उपाय नाही. २५ डिसेंबर २०२४ रोजी फिनलंड आणि एस्टोनियामधली एस्टलिंक २ केबल तुटली, तेव्हा संशय एका तेलवाहू जहाजाच्या ओढत गेलेल्या नांगरावरच आला. सुटी केबल आणि जोडकामाचं साहित्य आधीच घेऊन ठेवा. नवी बनवून मागवेपर्यंत मोसम निघून जातो.

जर्मनीत आणखी एक नियम नवख्यांना अडवतो. पुरलेल्या केबलच्या उष्णतेने, तळाच्या २० सेंटीमीटर खाली, तापमान २ अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये. माती उष्णता वाहून नेणारी नसेल तर केबल जाड घ्यावी लागते किंवा खोल पुरावी लागते, आणि खोल पुरली की ती स्वतःच जास्त तापते. सीमेच्या दोन बाजूंना केबलचा आडवा छेद वेगळा ठरू शकतो. कारखान्याला मागणी देण्याआधी हे लक्षात आलं तर ठीक.

पाया आणि टर्बाइन यांबद्दल फार लिहीत नाही, त्यात सीमेचा प्रश्न नाही. एकच सांगतो: उथळा म्हणजे सगळीकडे सारखी खोली नव्हे. बाल्टिक २ मध्ये खोली २३ ते ४४ मीटर होती, त्यामुळे ८० पैकी ३९ टर्बाइन एकखांबी पायावर आणि ४१ तीन पायांच्या जाळीदार सांगाड्यावर बसवावी लागली. किमतीचा अंदाज सरासरी खोलीवरून काढू नका.

आता केबलच्या दोन टोकांकडे. डेन्मार्कचा पूर्व भाग, म्हणजे कोपनहेगनची बाजू, नॉर्डिक ग्रिडमध्ये आहे. जर्मनी मध्य युरोपच्या ग्रिडमध्ये. दोन्हीकडे ५० हर्ट्झच, पण लय एक नाही. दोन ढोलपथकं एकाच गतीने वाजवत असली तरी टिपरू एकाच क्षणी पडत नाही, तसं. सरळ तार जोडली तर प्रचंड प्रवाह वाहून सगळं बंद पडेल. मधे बॅक-टू-बॅक कन्व्हर्टर लागतो: इकडच्या वीजेचं एकदिश प्रवाहात रूपांतर आणि तिथल्या तिथे परत दुसऱ्या लयीच्या वीजेत. महाराष्ट्रात हे नवं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला नव्वदीच्या दशकात बसवलेलं १,००० मेगावॉटचं जोड केंद्र हेच काम करत होतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचा ग्रिड उरलेल्या देशाशी एकलय होईपर्यंत पश्चिम आणि दक्षिण ग्रिडमधली वीज अशाच यंत्रांतून जात असे.

क्रिगर्स फ्लाकमध्ये पहिला विचार होता की कन्व्हर्टर समुद्रातल्या फलाटावर बसवायचा. निविदांचे आकडे आले आणि तो बेत गुंडाळावा लागला. मग कन्व्हर्टर जमिनीवर, रोस्टॉकजवळच्या बेंटविश उपकेंद्रात आला, आणि समुद्रात साध्या प्रत्यावर्ती (एसी) केबल राहिल्या. माझ्या मते प्रकल्प वाचला तो या एका निर्णयामुळे. जमिनीवरचं यंत्र बिघडलं तर माणूस गाडीने जातो. फलाटावरचं बिघडलं तर लाट किती आहे ते बघून जातो. याचा एक परिणाम मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कन्व्हर्टर जर्मन किनाऱ्यावर असल्याने, जोडणी चालू असताना जर्मनीची समुद्रातली टर्बाइन नॉर्डिक लयीवर फिरतात. म्हणजे आधी एका ग्रिडच्या नियमांनुसार बसवलेली संरक्षण यंत्रणा, वारंवारितेला प्रतिसाद देण्याची पद्धत, सगळं दुसऱ्या ग्रिडच्या नजरेने पुन्हा तपासावं लागतं. जुन्या टर्बाइनचं नियंत्रण सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने गणितीय प्रतिमान (टर्बाइन ग्रिडवर कसं वागेल ते संगणकावर तपासण्याचं मॉडेल) द्यायला हवं, आणि ते मूळ करारात लिहिलेलं नसेल तर मागाहून मिळवताना नाकी नऊ येतात. शेजाऱ्याशी पुढे कधी जोडणी होऊ शकेल एवढी नुसती शक्यता असली, तरी हे कलम पहिल्याच करारात घाला. फलाटावर एका ट्रान्सफॉर्मरची आणि दोन स्विचगिअर (वीज जोडण्या-तोडण्याची यंत्रणा) खणांची रिकामी जागाही तेव्हाच ठेवा. डॅनिश बाजू २२० किलोव्होल्टची आणि जर्मन १५० ची, त्यामुळे इथे डॅनिश फलाटावर मधला ट्रान्सफॉर्मर बसवावा लागला. समुद्रात नंतर वजन वाढवायचं म्हणजे पाया पुन्हा तपासण्यापासून सुरुवात.

प्रत्यावर्ती केबलचा स्वभावही जवळून बघायला हवा. केबल म्हणजे लांबच लांब कपॅसिटर, विद्युतभार साठवणारा. २२० किलोव्होल्टची केबल किलोमीटरमागे ढोबळ मानाने ३ मेगाव्हार, १५० ची सुमारे १.४ मेगाव्हार चार्जिंग शक्ती निर्माण करते (मेगाव्हार हे काम न करता नुसत्या ये-जा करणाऱ्या शक्तीचं माप). २५ किलोमीटरच्या दोन केबलचे झाले ७० मेगाव्हार. वारा नसताना, केबल हलकी असताना, यामुळे व्होल्टेज वर चढतं. ते दाबायला शंट रिॲक्टर, म्हणजे ही चार्जिंग शक्ती शोषणारी मोठी वेटोळी, बसवतात, आणि तिथे एक छुपी खोड निघते. केबल आणि रिॲक्टर एकदम चालू केले, आणि रिॲक्टरने निम्म्याहून जास्त चार्जिंग भरून काढलेलं असलं, तर सुरुवातीच्या काही क्षणांत ब्रेकरमधला प्रवाह शून्यातून जातच नाही. ब्रेकर तोडतो तो शून्याच्या क्षणी. त्याच वेळी केबलमध्ये दोष निघाला तर निरोगी फेजचा ब्रेकर उघडूनही ठिणगी विझत नाही, तो फुटू शकतो. उपाय म्हणजे तिन्ही फेज वेगवेगळे, नेमक्या क्षणी जोडणारं स्विचिंग, किंवा रिॲक्टर नंतर चालू करणं. एवढ्या लांब केबलचं जाळं आणि त्यामागे दुबळा ग्रिड असला तर कमी वारंवारितेचा अनुनादही येतो. मोठा ट्रान्सफॉर्मर चालू करताच व्होल्टेज बराच वेळ डोलत राहतं. ही सगळी प्रतिरूपणं (संगणकावरच्या चाचण्या) दोन्ही देशांच्या कंपन्यांनी एकाच सामायिक प्रतिमानावर केली पाहिजेत. आपापल्या घरी, पलीकडे आदर्श ग्रिड आहे असं मानून केली तर दोन्ही अहवाल बरोबर आणि एकत्र चूक.

केबल टाकली, चालू झाली. आता तिच्यावर पहिला हक्क कोणाचा? खरी रस्सीखेच इथे आहे. आकड्यांत बघा. जर्मन किनाऱ्याकडची वाट ४०० मेगावॉटची धरू, डॅनिश किनाऱ्याकडची ६०० ची. वारा अजिबात नाही: व्यापाराला पूर्ण ४०० मोकळे. सोसाट्याचा वारा: जर्मनीचे दोन प्रकल्प मिळून ३३६ देतात, म्हणजे जर्मनीकडे फक्त ६० च्या आसपास जागा, आणि डॅनिश प्रकल्पाचे ६०० असल्याने डेन्मार्ककडे शून्य. अर्धा वारा: जर्मनीकडे जवळजवळ २३० जागा, डेन्मार्ककडे ३००, आणि डेन्मार्ककडे जाणाऱ्या त्या ३०० पैकी १६८ मेगावॉट जर्मन टर्बाइनचेच असू शकतात, उरलेले बेंटविशहून. थोडक्यात, विकायची क्षमता उद्याच्या वाऱ्याच्या अंदाजावर ठरते आणि दर तासाला बदलते.

युरोपीय महासंघाच्या २०१९ च्या वीजबाजार नियमांत अट आहे की सीमापार वाहिनीची किमान ७० टक्के क्षमता व्यापाराला द्यावी. ती इथे शब्दशः लावली तर भरवाऱ्यात पवनप्रकल्पच बंद ठेवावे लागतील. त्यामुळे डेन्मार्क आणि जर्मनीने सूट मागितली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपीय आयोगाने ती दिली: आधी वाऱ्याचा अंदाज वजा करा, मग उरलेल्या क्षमतेवर ७० टक्के मोजा. लक्षात घ्या, केबलचं उद्घाटन ऑक्टोबरचं आणि सूट नोव्हेंबरची. नियमांचा गुंता तारेपेक्षा उशिरा सुटला.

अंदाज चुकतोच. तो चुकला की काय करायचं याची पायरी ठरलेली हवी, ऐनवेळी फोनाफोनी चालत नाही. क्रिगर्स फ्लाकमध्ये त्यासाठी दोन्ही ग्रिडवर नजर ठेवणारा एक मुख्य नियंत्रक आहे. आधी कन्व्हर्टरमधला प्रवाह बदलून बघायचा, मग दोन्ही कंपन्यांनी उलटी खरेदी-विक्री करून भार हलका करायचा, आणि सगळं थकलं तरच पाती वळवून टर्बाइनचं उत्पादन छाटायचं. छाटलेल्या वीजेची भरपाई कोण देणार हे करारात आकड्यानिशी लिहा. नाहीतर प्रत्येक वादळानंतर वकिलांची पत्रं.

दुसरा बाजारप्रश्न भावाचा. क्रिगर्स फ्लाकच्या टर्बाइनला पूर्व डेन्मार्कच्या बाजारातला भाव मिळतो, वीज प्रत्यक्षात कुठेही जावो. २०१६ मध्ये वॅटनफाल या स्वीडिश वीजकंपनीने हा प्रकल्प युनिटमागे ३७.२ ओअरची (ओअर म्हणजे डॅनिश क्रोनचा शंभरावा भाग) बोली लावून मिळवला. भावाचं क्षेत्र तेव्हा ठरलेलं होतं. नव्या, मोठ्या प्रकल्पांसाठी, उदाहरणार्थ बोर्नहोम बेटावरून ३ गिगावॉट वीज डेन्मार्क आणि जर्मनीकडे नेण्याच्या योजनेत, समुद्रालाच स्वतंत्र भावक्षेत्र करण्याचा विचार आहे. ग्रिडसाठी ते स्वच्छ आहे, पण विकासकाचा तोटा होतो: केबल भरली की समुद्रातला भाव दोन्ही किनाऱ्यांपैकी कमी असलेल्या भावाला चिकटतो, आणि फरकाचे पैसे केबलच्या मालकाकडे जातात. त्या पैशातला वाटा विकासकाला परत मिळेल अशी हमी नसेल तर बोली लावणारा येत नाही. निव्वळ बाजारभावावर सोडलं तर काय होतं ते डेन्मार्कने डिसेंबर २०२४ मध्ये पाहिलं. उत्तर समुद्रातल्या ३ गिगावॉटच्या निविदेला एकही बोली आली नाही.

वाऱ्याची सावली हा विषय बहुतेक करारांत नसतोच. टर्बाइनमागे वारा मंदावतो, आणि हवा स्थिर असेल तर मोठ्या प्रकल्पाची ही सावली ५० किलोमीटरपर्यंतही जाते. बेल्जियमचा सव्वादोन गिगावॉटचा पट्टा आणि नेदरलँड्सचा दीड गिगावॉटचा बोर्सेले सीमेच्या दोन बाजूंना अगदी खेटून आहेत. तिथे वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे सावली जास्त करून डचांच्या वाट्याला. वारा ईशान्येचा झाला की उलट. समुद्री कायद्यात वाऱ्यावर हक्क सांगणारं कलम नाही. म्हणून केबलच्या वाटाघाटी चालू असतानाच दोन्ही देशांचे टर्बाइन आराखडे एकमेकांना दाखवायचं ठरवून घ्या, आणि पुढच्या २५ वर्षांत शेजारी अजून काय उभारणार हे गृहीत धरून उत्पादनाचा अंदाज काढा.

आपल्याकडे याचा विचार करायचा तर जागा मन्नारच्या आखाताची. भारत आणि श्रीलंका यांच्यातली सागरी सीमा १९७४ आणि १९७६ च्या करारांनी आखलेली आहे, किनाऱ्यालगतचं पाणी उथळ आहे, आणि नैर्ऋत्य मोसमी वारा तिथे जोरकस आहे. कोकणासमोर तसा वारा नाही. समुद्री पवनऊर्जेसाठी आखलेले विभाग गुजरात आणि तामिळनाडूचेच आहेत. केंद्राने जून २०२४ मध्ये मंजूर केलेली ७,४५३ कोटींची योजनाही या दोन राज्यांत मिळून १ गिगावॉटची. मन्नारमध्ये अडचण निराळी असेल. दोन्ही बाजूंच्या मच्छीमारांचा तंटा आधीच पेटलेला आहे, तिथे टर्बाइनभोवतीचं ५०० मीटरचं प्रत्येक वर्तुळ म्हणजे नवं भांडण. शिवाय श्रीलंकेचा ग्रिड लहान. तिथल्या कोळसा केंद्रातला ३०० मेगावॉटचा एक संच अचानक बंद पडला तरी बेटाला हादरा बसतो. त्यामुळे ५०० मेगावॉटची एकच केबल टाकणं परवडणार नाही. दोन किंवा तीन स्वतंत्र केबल, वेगळ्या वाटांनी, वेगळ्या किनाऱ्यांवर उतरणाऱ्या, आणि एक गेली तर दुसरी किती वेळ जास्त भार सोसेल याचं गणित आधी. टर्बाइन कुठलं घ्यायचं हा प्रश्न त्यानंतरचा.